लहान रोहित आणि शिंदळ माकुडी: वर्गीकरण आणि संवर्धनस्थिती शेजारी शेजारी कशी मांडावी?

खाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या निसर्गमंडळातर्फे ठाण्यातील शाळांसाठी माहितीफलक तयार करण्याचे काम सुरू आहे. प्रत्येक फलकावर महाराष्ट्रातील एक पाणपक्षी आणि एक रानफूल शेजारी शेजारी मांडावे, आणि दोघांचे वर्गीकरण व संवर्धनस्थिती यांची तुलना करावी, अशी कल्पना आहे. पहिल्या फलकासाठी ठाणे खाडीतील लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, आणि जुन्नर-सातारा भागातील कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी यांची निवड झाली आहे.

मजकूर लिहायला बसल्यावर मात्र तीन ठिकाणी अडखळायला झाले. पहिली अडचण वर्गीकरणाच्या शिडीची आहे. रोहिताच्या बाजूला सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, वंश, जाती अशा पायऱ्या सरळ भरता येतात. परंतु माकुडीच्या बाजूला जुनी पुस्तके एक सांगतात आणि नवी दुसरेच सांगतात, शिवाय कुलाचे नावही दोन प्रकारे आढळते. दुसरी अडचण शास्त्रीय नावाची: फ्रेरिआ इंडिका, कॅरलुमा फ्रेरी आणि बुसेरोशिया फ्रेरी ही तिन्ही नावे एकाच वनस्पतीसाठी वापरलेली दिसतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. रोहित ‘संकटसमीप’ आणि माकुडी ‘संकटग्रस्त’ असे लिहिले, तर मुले साहजिकच विचारतील की संकटग्रस्त ही पायरी वरची, म्हणून फूल पक्ष्यापेक्षा जास्त धोक्यात आहे का? आणि खाडीत हजारोंनी दिसणारा पक्षी मुळात धोक्यातील जातींच्या ‘लाल यादी’त आलाच कसा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कातळफूल यांचे उत्तर

जोडी चांगली निवडली आहे, कारण ‘वर्गीकरण’ या एकाच शब्दाखाली प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र किती वेगळ्या रीतीने काम करतात, ते या दोघांत स्वच्छ दिसते.

आधी कुलाविषयी. शिंदळ माकुडीला जुन्या पुस्तकांत रुईच्या कुलात, म्हणजे ॲस्क्लेपिएडेसीत, ठेवलेले आढळेल. सपुष्प वनस्पतींच्या रेणवीय, म्हणजे डीएनएच्या, अभ्यासावर आधारलेली वर्गीकरणपद्धती १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि त्या सुमारास रुईचे हे स्वतंत्र कुल कण्हेरीच्या कुलात, म्हणजे ॲपोसायनेसीत, विलीन झाले. आता रुईचा गट हे त्या मोठ्या कुलातील एक उपकुल मानले जाते. फलकावर ॲपोसायनेसी लिहावे. त्या कुलात कण्हेर, सदाफुली, रुई आणि आपली कंदीलपुष्पे अशी सगळी मंडळी येतात, हे मुलांना सांगितले तर त्यांना फुलांकडे नव्याने पाहता येईल. गण जेन्शिएनेलीझ. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर मात्र आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ‘वर्ग’, ‘उपवर्ग’ असे ठरीव टप्पे वापरण्याऐवजी समान पूर्वजापासून आलेल्या शाखांची नावे देतात. त्यामुळे माकुडीच्या बाजूला ‘सपुष्प वनस्पती, खरी द्विदल शाखा’ एवढे लिहून थेट गणावर येणे अधिक प्रामाणिक ठरेल. दोन्ही बाजूंच्या चौकटी सारख्या दिसाव्यात म्हणून जुनी विभाग-वर्गाची नावे भरू नयेत.

चौकटी सारख्या दिसल्या तरी त्या सारख्या असतात असे नाही. रोहिताच्या कुलात, फिनिकोप्टेरिडीत, जगभर मिळून फक्त सहा जाती आहेत आणि त्याच्या गणात हे एकच कुल आहे. माकुडीच्या कुलात सुमारे पाच हजार जाती आहेत. ‘कुल’ ही पायरी दोन्हीकडे त्याच नावाची असली, तरी तिची रुंदी किती असावी हे कोणत्याही नियमाने ठरत नाही. त्या त्या शाखेतील अभ्यासकांची परंपरा आणि सोय यांवर ते अवलंबून असते. कुलाला कुल आणि वंशाला वंश लावून तुलना करण्याचा मोह टाळलेला बरा.

नावांच्या प्रश्नात याहून अधिक गंमत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात या वनस्पतीसाठी नवा वंश निर्माण केला आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला फ्रेरिआ नाव दिले. त्या वंशात ही एकच जाती होती. तिच्या जवळच्या नातलगांचे, उदाहरणार्थ माकडशिंगाचे, मांसल खोड जवळजवळ पर्णहीन असते. माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद पाने येतात, त्यामुळे ती वेगळी वाटणे स्वाभाविक होते. पुढच्या अभ्यासकांना फुलाची रचना अधिक महत्त्वाची वाटली आणि त्यांनी तिला कॅरलुमा वंशात नेले. पण त्या वंशात ‘इंडिका’ हे जातिनाम आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते. एका वंशात एकच जातिनाम दोघांना देता येत नाही, म्हणून जातिनाम बदलून ‘फ्रेरी’ करावे लागले. वंशाचे नाव गेले आणि गव्हर्नरसाहेब जातिनामात येऊन बसले! नंतर रेणवीय अभ्यासांच्या आधारे तिची रवानगी बुसेरोशियात झाली, आणि २०१७ साली तर या संपूर्ण गटालाच सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पांच्या वंशात, सामावून घेणारी मांडणी पुढे आली. ती सर्वांनी स्वीकारलेली नाही. फलकावर एक नाव ठळक द्यावे आणि बाकीची ‘समानार्थी नावे’ म्हणून खाली लहान अक्षरांत द्यावीत. माझे मत विचाराल तर बुसेरोशिया फ्रेरी ठळक असावे आणि फ्रेरिआ इंडिका हे नाव न विसरता खाली असावे, कारण महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या नोंदी त्याच नावाने शोधाव्या लागतात.

दुर्बीणवाला यांचे उत्तर

पक्ष्याची बाजू मी मांडतो. सर्वप्रथम, फलकावर नुसते ‘रोहित’ किंवा ‘फ्लेमिंगो’ लिहू नका. महाराष्ट्रात दोन जाती येतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ दिसतो तो मुख्यतः मोठा रोहित. त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते, आणि जागतिक यादीत त्याची नोंद ‘किमान चिंता’ अशी आहे. ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येतो तो लहान रोहित. त्याची चोच गडद किरमिजी, लांबून जवळजवळ काळी दिसणारी असते, आणि ‘संकटसमीप’ आहे तो हाच. दोन्ही जातींचे मिश्र थवेही दिसतात. अनेक फलकांवर चित्र एका जातीचे आणि माहिती दुसरीची असते, तेवढे कृपया सांभाळावे.

नावाच्या बाबतीत पक्षी सुदैवी ठरला. एतियेन जॉफ्रॉय यांनी १७९८ मध्ये त्याचे वर्णन केले ते फिनिकोप्टेरस या वंशात. पुढे १८६९ मध्ये ग्रे यांनी फिनिकोनायस हा वंश वेगळा काढला आणि त्यात आज ही एकच जाती ठेवली जाते. जातिनाम ‘मायनर’ मात्र तेच राहिले. कातळफूल यांनी सांगितलेल्या कथेशी हे ताडून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: पक्षी आज एकल वंशाचा प्रतिनिधी आहे, आणि फूल कधीकाळी तसे होते पण आता नाही. तरीही लाल यादीत याने काहीच फरक पडत नाही, कारण ती यादी जातींचे मूल्यमापन करते, वंशांचे नाही. वनस्पतीचा वंश बदलल्यामुळे तिच्या कड्यावरचे एकही रोप वाढले किंवा घटले नाही.

वरच्या पायऱ्यांवर पक्ष्यांच्या वर्गीकरणातही बरीच उलथापालथ झालेली आहे. लांब पायांमुळे रोहिताला पूर्वी करकोच्यांच्या गणात ठेवत; पायांचा पडदा, चोचीतील चाळणी आणि पिसांत राहणाऱ्या उवांचे साम्य पाहून काहीजण त्याला बदकांकडे ओढत. २००१ च्या सुमारास जनुकीय पुराव्यावरून दिसून आले की त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग आहेत पाणडुबे, म्हणजे गावतळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी आपली टिबुकली ज्या कुलातली आहे ते. सुरुवातीला पुष्कळ तज्ज्ञांना हे पटेना, परंतु नंतरच्या अभ्यासांनी तोच निष्कर्ष दृढ केला. मुलांच्या फलकावर शिडीपेक्षा ‘जवळचा नातलग कोण?’ अशी एक ओळ दिलीत तर अधिक बोलकी ठरेल: रोहितासमोर टिबुकली, माकुडीसमोर माकडशिंग.

स्पष्टवक्ता यांचे उत्तर

मला या तुलनेचाच हेतू समजत नाही. लहान रोहित जगात बावीस ते बत्तीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. माकुडी संपूर्ण जगात फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर आहे. मग रोहिताला संकटाच्या जवळ म्हणणे हा अतिसावधपणा नव्हे काय? एवढ्या संख्येच्या पक्ष्याला त्या फुलाच्या शेजारी उभे करणे म्हणजे फुलावर अन्याय आहे.

दुर्बीणवाला यांचे उत्तर

संख्या हा लाल यादीच्या अनेक कसोट्यांपैकी एक आहे, आणि या पक्ष्याच्या बाबतीत तो निर्णायक नाही. यादीतील पहिली कसोटी घटीच्या वेगाची आहे: दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किमान ३० टक्के घटली तर जाती ‘असुरक्षित’, ५० टक्के घटली तर ‘संकटग्रस्त’ आणि ८० टक्के घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’ मानली जाते (घटीची कारणे थांबलेली असतील, तर हे उंबरठे आणखी वर सरकतात). ‘संकटसमीप’ याचा अर्थ असा की या उंबरठ्यांपर्यंत जाती अजून पोहोचलेली नाही, पण त्यांच्या जवळ आलेली आहे. लाखांनी असलेली जातीही वेगाने घटत असेल तर या कसोटीवर वर चढते.

दुसरे, रोहित लाखांनी असला तरी त्याची घरटी करण्याची ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पूर्व आफ्रिकेतील जवळजवळ सगळी प्रजा टांझानियाच्या नेट्रॉन सरोवरावर अंडी घालते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात इटोशा आणि मकगाडीकगाडी यांसारखी मोजकी क्षारपठारे आहेत. आणि आपल्याकडे कच्छचे रण. मादी एका वेळी एकच अंडे घालते. पाण्याची पातळी जमली नाही तर काही वर्षे विणीविना जातात. प्रौढ पक्षी दीर्घायुषी असल्यामुळे विणीतील अपयश थव्याच्या आकारात लगेच दिसत नाही, ते पुष्कळ उशिरा कळते. नेट्रॉनच्या काठी सोडा ॲशच्या कारखान्याचा प्रस्ताव आला तेव्हा जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी एवढी चिंता का व्यक्त केली, ते यावरून कळेल. ठाणे खाडीतील गर्दीकडे पाहून या जातीची प्रकृती ठरवता येणार नाही, कारण खाडीत हे पक्षी खायला येतात, वीण करायला नाही. खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; दोन्ही गोष्टी आवश्यकच होत्या, परंतु रणात पाणी वेळेवर आले नाही तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

कातळफूल यांचे उत्तर

स्पष्टवक्ता यांच्या आक्षेपात एक खरा मुद्दा दडलेला आहे, तो असा की या दोन नोंदी एकाच तराजूत तोललेल्या नाहीत. रोहिताची ‘संकटसमीप’ ही नोंद जागतिक आहे आणि ती आजच्या, आकड्यांवर आधारलेल्या कसोट्यांनी दिलेली आहे. माकुडीची जी ‘संकटग्रस्त’ नोंद आपल्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा उद्धृत होते, तिचे मूळ बहुधा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या १९८७ ते १९९० या काळात प्रसिद्ध झालेल्या रेड डेटा बुकात असते. त्या काळी लाल यादी करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या श्रेणी वर्णनात्मक होत्या. ‘धोक्याची कारणे चालू राहिल्यास टिकण्याची शक्यता नाही’ अशा स्वरूपाच्या व्याख्येवरून तज्ज्ञ निर्णय घेत. टक्केवारी, चौरस किलोमीटर, ठिकाणांची संख्या हे सगळे १९९४ नंतर आले. शब्द तोच राहिला आणि त्यामागचे माप बदलले. म्हणून फलकावर श्रेणीसोबत तिचे वर्ष आणि ती कोणी दिली हे लिहिणे मला अत्यावश्यक वाटते.

नोंद राष्ट्रीय आहे म्हणून ती दुय्यम, असे मात्र समजू नये. प्रदेशनिष्ठ वनस्पतीच्या बाबतीत राष्ट्रीय मूल्यमापन आणि जागतिक मूल्यमापन यांचे क्षेत्र एकच असते, कारण देशाबाहेर ती नाहीच. रोहिताचे तसे नाही; भारतात तो वाढला आणि आफ्रिकेत कोसळला, तर जागतिक श्रेणी आफ्रिकेवरूनच ठरेल.

माकुडीला लागू पडणारी कसोटी बहुतांशी क्षेत्रफळाची आहे. आढळक्षेत्राचा एकूण विस्तार ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी किंवा प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि त्यासोबत ठिकाणे पाच किंवा त्याहून कमी असणे, अधिवास सतत घटत असणे, किंवा संख्येत टोकाचे चढउतार होणे यांपैकी दोन गोष्टी लागू असतील, तर जाती ‘संकटग्रस्त’ ठरते. नुसते छोटे क्षेत्र पुरेसे नाही, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. शिवनेरी, पुरंदरचा परिसर, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशी हिची नोंदलेली ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत आणि प्रत्येक ठिकाणी ती मोजक्या उभ्या कातळांवर लटकलेली असते. उन्हाळ्यातला वणवा, चरणारी जनावरे, दरडी आणि हौशी संग्राहक ही तिच्यावरची संकटे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गडद तांबूस-जांभळी, पिवळ्या खुणांची पाच पाकळ्यांची चांदणी फुलते. परागण माश्या करतात, आणि परागकण सुटे नसून पुंजक्यांत बांधलेले असल्यामुळे योग्य कीटक योग्य फुलावर आला तरच बीज धरते.

आता खरी विसंगती. ही वनस्पती छाटापासून सहज रुजते आणि जगभरच्या मांसल वनस्पतींच्या शौकिनांच्या कुंड्यांत वाढताना दिसते. त्यामुळे ‘एवढी रोपे आहेत, मग संकट कसले?’ असे विचारणारे भेटतात. लाल यादी कुंडीतली रोपे मोजत नाही, फक्त निसर्गात वाढणारी मोजते. शिवाय एकाच रोपाच्या छाटांपासून केलेली शंभर रोपे ही जनुकीयदृष्ट्या एकच रोप असते, आणि अशी रोपे कड्यावर परत नेऊन लावली तरी तिथली विविधता वाढत नाही.

नियमपुस्तक यांचे उत्तर

कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळात प्राणिकेंद्री आहे. त्यात विशिष्ट वनस्पतींच्या संरक्षणाचे प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीने आले आणि त्याच्या अनुसूचीत अनेक वर्षे केवळ सहा नोंदी होत्या: कुठ, घटपर्णी, निळी व्हंडा, लाल व्हंडा, लेडीज स्लिपर ऑर्किडे आणि बेडोमचा सायकस. शिंदळ माकुडी त्यात नव्हती. अनुसूचींची फेररचना २०२२ च्या दुरुस्तीने झाली, त्यामुळे फलकावर अनुसूचीचा क्रमांक लिहायचा असेल तर जुन्या पुस्तकावरून उतरवू नये, सध्याचा अधिनियम पाहावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३८ खाली केंद्र सरकार संबंधित राज्याशी सल्लामसलत करून धोक्यातील जाती अधिसूचित करू शकते. वनस्पतींसाठी ही वाट अधिक उपयुक्त आहे, पण तिची चर्चा फारशी होत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबत सांगायचे तर रोहितांचे संपूर्ण कुलच साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

व्यवहारात फरक असा पडतो की पक्ष्याला जाती म्हणून संरक्षण मिळते, तो कुठेही असला तरी त्याची शिकार गुन्हा ठरते. फुलाला मुख्यतः जागेमुळे संरक्षण मिळते: ते राखीव वनात किंवा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत असेल तर वाचते, खासगी माळावरच्या कातळावर असेल तर नाही. तुलनेच्या फलकावर ‘श्रेणी’ या ओळीखाली ‘संरक्षण कशामुळे?’ अशी आणखी एक ओळ असावी, असे सुचवतो.

खाडीकाठ यांचे उत्तर

सर्वांचे आभार. दोन्ही बाजूंना हिरव्यापासून लालपर्यंत एकच रंगपट्टी छापण्याचे ठरले होते, ते आता रद्द करतो, कारण तिच्यावरून मुले थेट क्रमच लावतील. त्याऐवजी श्रेणी, ती देणारी संस्था, वर्ष आणि ‘ही श्रेणी कोणत्या कारणासाठी?’ असे चार मुद्दे देऊ. रोहितासमोर ‘विणीच्या मोजक्या जागा आणि घटती संख्या’, माकुडीसमोर ‘अत्यंत मर्यादित, तुटक आढळक्षेत्र’ असे लिहिले तर चालेल का? आणि माकुडी कोणत्या गडावर कुठल्या बाजूला दिसते, हे नकाशावर दाखवावे का?

कातळफूल यांचे उत्तर

कारणांची शब्दरचना योग्य आहे. रोहितासमोर फक्त ‘घटत असल्याचा अंदाज’ असे करा, कारण आफ्रिकेतील थवे एका सरोवरावरून दुसऱ्यावर इतके फिरतात की त्यांची गणना नेहमीच अवघड असते. नकाशावर पुणे, सातारा आणि अहिल्यानगर हे जिल्हे रंगवावेत, त्यापुढे जाऊ नये. गडांची नावे ग्रंथांत आलेली आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पण कोणत्या बुरुजाखाली, कोणत्या वाटेच्या कडेला, हे शाळेच्या फलकावर किंवा येथेही लिहू नये. छायाचित्र वापराल तेव्हा त्यातील स्थाननोंद काढून टाकलेली आहे ना, हे छपाईआधी आणि संकेतस्थळावर चढवण्याआधी तपासून घ्यावे.